फक्त कामाचे मेसेज (बी विंग)

गुरुवार, २६ फेब्रुवारी

बी-१०१ सेक्रेटरी, रात्री ८:१०
होळीची वर्गणी फ्लॅटमागे २०० रुपये. उद्या संध्याकाळपर्यंत वॉचमनकडे द्यावी. गोवऱ्या सांगितल्या आहेत. लाकडं आणायची नाहीत हे मीटिंगमध्ये ठरलंय, इथे परत सुरू करू नये.

बी-३०४, ८:२२
शनिवारी विज्ञान दिन! विद्यापीठातली आयुका (खगोलशास्त्राची संशोधन संस्था) सगळ्यांसाठी खुली असते, तिकीट वगैरे काही नाही. पोरांना घेऊन कोण कोण येतंय? मी टाइमटेबल केलंय. ९ ला एनसीएल (रसायनशास्त्राची प्रयोगशाळा), ११ ला आयुका, दुपारी आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था), अंधार पडला की परत आयुका, दुर्बिणीसाठी. एका दिवसात सगळं कव्हर.

बी-५०१, ८:२५
पाषाणहून विद्यापीठ चौक पार करायला जो वेळ लागतो तो धरलाय का त्यात?

बी-३०४, ८:२६
दादा, येताय की नाही तेवढं सांगा.

बी-२०६, ८:३१
विज्ञान दिन म्हणजे रामन यांचा वाढदिवस ना? मुलीला शाळेत पाच ओळी बोलायच्यात

बी-५०१, ८:३३
वाढदिवस ७ नोव्हेंबर. २८ फेब्रुवारी १९२८ हा रामन परिणाम सापडल्याचा दिवस. त्याचं नोबेल १९३० ला मिळालं. विज्ञान दिन पाळतात १९८७ पासून. झाल्या चार ओळी, पाचवी तिची तिला सुचू दे. आणि हो, येतोय.

बी-४०२ काका, ८:५०
मी एम.ए. तिथूनच केलं. आमच्या वेळी आयुका नव्हती, ती १९८८ ची. पण विद्यापीठाची मुख्य इमारत बघायला विसरू नका. तो मुळात मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी बंगला. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीला साठ वर्षं झाली म्हणून तिथे मेजवानी होती. ती आटोपून रँडसाहेब निघाला आणि गणेशखिंडीत चाफेकर बंधूंनी त्याला गाठलं. आज तुम्ही जिथे सिग्नलला हॉर्न वाजवता तोच सगळा परिसर.

बी-१०१ सेक्रेटरी, ८:५२
काका, ग्रुपचं नाव वाचा 🙏

बी-२०३ आजी, ९:०५
मला नेईल का कोणी. गुडघ्यांमुळे फिरवत नाही पण एका जागी बसवा, मी कोणाला त्रास देणार नाही. नारळीकरांनी उभारलेली जागा एकदा बघायची आहे. गेल्या मे महिन्यात ते गेले तेव्हापासून मनात आहे.

बी-३०४, ९:०६
आजी, पुढची सीट तुमची!

बी-१०३, ९:४०
मी खोडदला चाललोय बाइकवर. जीएमआरटीला, म्हणजे तिथल्या रेडिओ दुर्बिणीला. तिथेही विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं, आसपासच्या शाळा-कॉलेजची पोरं प्रयोग मांडतात. येताना नारायणगावात मिसळ. मागची सीट रिकामी आहे

बी-२०६, ९:४१
मिसळीसाठी चाललायस हे सरळ सांग की

शनिवार, २८ फेब्रुवारी

बी-३०४, सकाळी ९:५५
एनसीएल कॅन्सल. आमची गाडी अजून औंधातच. थेट आयुकाला भेटू.

बी-५०१, ९:५६
मी काही बोलत नाही.

बी-३०४, ११:१८
पोचलो. कुंडाभोवतीच्या पुतळ्यांशेजारी मुलांचे फोटो काढतेय. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन. धाकटा विचारतोय, यातला पुण्याचा कुठला.

बी-४०२ काका, ११:२५
चार्ल्स कोरियांची वास्तू आहे ती. घाईने बघू नका.

बी-३०४, ११:४०
आजींना फुकोच्या लंबकाजवळ खुर्ची मिळालीय. सुरक्षारक्षकांनी स्वतः आणून दिली. आम्ही मुक्तांगण विज्ञान शोधिकेकडे निघालो. पु.लं.च्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून झालेली हीच ती, बरोबर ना काका?

बी-४०२ काका, ११:४२
बरोबर.

बी-१०१ सेक्रेटरी, दुपारी १२:१५
टँकर २ वाजता येतोय. एमएच-१२ ची पांढरी गाडी गेटसमोरून काढा. कोणाची आहे???

बी-५०१, १२:१६
पुण्यात एमएच-१२ ची पांढरी गाडी. व्वा. शोधा.

बी-३०४, १२:५०
व्याख्यानाला हॉल भरला, बाहेरच्या पडद्यावर बघतोय. प्रश्नोत्तरांत एका मुलाने विचारलं, कृष्णविवरात पडल्यावर रेंज येईल का. उत्तर देणारे शास्त्रज्ञ हसले नाहीत. सिग्नल बाहेर का येऊ शकत नाही ते नीट समजावून सांगितलं. मला हे फार आवडलं.

बी-१०३, १:०५
[फोटो]
ही एकच डिश ४५ मीटर व्यासाची. अशा ३० आहेत. १४ इथे आसपास, उरलेल्या १६ तीन दिशांना पार २५ किलोमीटरपर्यंत. आकाशातून येणारे रेडिओ सिग्नल इतके क्षीण की मोबाइलचाही अडथळा होतो म्हणे. हा फोटो लांबून काढलाय, आता फोन बंद. आठवीतल्या दोन मुलींनी ठिबक सिंचनाचं मॉडेल केलंय आणि मला अर्धा तास उलटतपासणीला उभं केलंय

बी-२०६, १:०७
मिसळ?

बी-३०४, १:५०
आयसर पण कॅन्सल. मुलं शोधिकेतून हलत नाहीत. एकाने नळीत फुगा खोचून कसलंतरी यंत्र केलंय आणि ते सगळ्यांच्या कानात वाजवतोय. आजींना घेऊन खाऊन येतो. दोन तास एका जागी बसल्यात बिचाऱ्या, मला फार वाईट वाटतंय.

बी-५०१, रात्री ८:२०
गुरू बघितला. चारही मोठे चंद्र ओळीत. एकेकाच्या वाट्याला जेमतेम वीस सेकंद. चंद्र पौर्णिमेजवळ आल्याने बाकीचं आकाश धुतल्यासारखं, पण त्याच्यावरची विवरं मुलांनी पोटभर पाहिली.

बी-२०६, ८:२५
मंगळवारी ग्रहण आहे ना? सासूबाई विचारतायत, वेध कधीपासून

बी-५०१, ८:२७
वेधांचं पंचांगात बघा. पुण्यात चंद्र उगवेल तेव्हा ग्रहण सुटायलाच आलेलं असेल. पूर्वेला मोकळं क्षितिज असेल तर शेवटची काही मिनिटं दिसेल, आपल्या गच्चीवरून समोरचा टॉवर दिसेल.

रविवार, १ मार्च

बी-३०४, सकाळी ९:३०
कालचा हिशोब: तीनपैकी एकच ठिकाण झालं. पुढच्या वर्षी सकाळी ७ ला निघायचं. आजी, सॉरी हो, तुमचं काहीच बघून झालं नाही. तुम्ही नुसत्या बसूनच.

बी-२०३ आजी, १०:१२
बोलून टाइप करते आहे चुका समजून घ्या. अगं मला काय वाईट वाटायचं. तुम्ही सगळे लंबकापाशी यायचात, फोटो काढायचात आणि पुढे जायचात. एक तरुण मुलगी तिथे समजावून सांगत होती की लंबक आपल्या जागी झोके घेतो आणि पृथ्वी खालून फिरते म्हणून झोक्याची दिशा बदललेली दिसते. लोक हो हो म्हणत. मी म्हटलं मला वेळच वेळ आहे, आपण बघू या खरं का खोटं. माझी काठी झोक्याच्या दिशेला समांतर अशी खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवली. त्या मुलीलाच म्हटलं, बाई गं बरोबर आली का बघ. तिने डोळा बारीक करून बघितलं आणि काठी जराशी सरळ केली. मग मी बसले. पहिली पंधरा मिनिटं काही नाही. अर्ध्या तासाने वाटलं की डोळ्याचा भास होतोय. तुम्ही मला न्यायला आलात तेव्हा निघायच्या आधी उन्हाची छत्री घेतली आणि काठीच्या एका टोकाला तिची मूठ लावून ती नव्या दिशेने ठेवली. कात्री उघडावी तशी दोन्ही उघडली होती. दुसऱ्या टोकाला आठ बोटं अंतर. त्या मुलीनेच मोजलं, मला वाकवत नाही. ती म्हणाली आजी सकाळपासून इतका वेळ इथे कोणी बसलं नाही.

बी-१०३, १०:१५
आजी 🔥🔥

बी-५०१, १०:२१
आजी, काठी किती लांब आहे तुमची?

बी-२०३ आजी, १०:२३
तीन फूट असेल.

बी-५०१, १०:४०
कागदावर मांडलं. पुण्यात लंबकाची दिशा तासाला ४.८ अंशांच्या आसपास वळते. दोन तासांत साडेनऊ अंश. तीन फुटी काठीच्या टोकाला हे होतात १५ सेंटिमीटर. म्हणजे आठ बोटंच. आणि दिशाही घड्याळाच्या काट्याप्रमाणे असली पाहिजे.

बी-२०३ आजी, १०:४२
तशीच होती. छत्री उजवीकडेच गेली.

बी-३०४, १०:४५
पण पृथ्वी २४ तासांत फिरते तर तासाला १५ अंश हवेत ना? मोठा विचारतोय, मी नाही.

बी-५०१, १०:४९
१५ अंश ध्रुवावर. विषुववृत्तावर दिशा अजिबात वळत नाही. आपण साडेअठरा अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्ताकडे जास्त झुकलेले. पूर्ण फेरीसाठी २४ ला अक्षांशाच्या साइनने भागायचं, ७५ तास आणि वर थोडे येतात. साइन काय ते त्याला दहावीत कळेल. काल मी त्या लंबकासमोर दोन मिनिटं उभा होतो आणि पाटी वाचून पुढे गेलो, हेही लिहून ठेवतो.

बी-४०२ काका, १०:५५
म्हणजे शनिवारी पावणेबारापासून धरलं तर एक पूर्ण फेरी मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास. ऐन ग्रहणाच्या दिवशी!

बी-५०१, १०:५८
नुसती काठीची रेषाच जुळवायची तर अर्धी फेरी पुरे. सोमवारी पहाटे सव्वाएक-दीड.

बी-२०३ आजी, ११:०१
पहाटे मला कोण सोडणार आहे तिथे. मंगळवारचं बघा.

बी-३०४, ११:०३
आजी, मंगळवारी मी हाफ डे टाकू का? आत सोडतील का ते आधी फोन करून विचारते.

बी-१०१ सेक्रेटरी, ११:०४
वर्गणी अजून सात फ्लॅटची बाकी आहे. बी-५०१, तुमचीसुद्धा.