अद्भुतकथेचा पहिला खर्डा न थांबता संपवावा का?

शाईदौत
नवोदित कादंबरीकाराला हमखास मिळणारा सल्ला असा, की पहिला खर्डा शेवटपर्यंत लिहून काढावा आणि तोवर मागच्या पानांना हात लावू नये. अद्भुतकथेसाठी हा सल्ला घातक आहे, असे माझे मत आहे. इंग्रज लेखक टॉल्किन यांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही अद्भुतकथा डिसेंबर १९३७ मध्ये लिहायला घेतली; सुरुवातीच्या खर्ड्यांत नायकाचे नाव बिंगो होते. आणि पुढे जो राजा ॲरागॉर्न ठरला, तो लाकडी जोडे घालणारा, ट्रॉटर नावाचा हॉबिट (टॉल्किन यांनी कल्पिलेल्या बुटक्या जमातीतला) होता. खाणावळीच्या कोपऱ्यात बसलेला हा इसम कोण, हे खुद्द लेखकालाही ठाऊक नव्हते. ते उमगावे म्हणून त्यांनी सुरुवातीची प्रकरणे पुन्हा पुन्हा लिहिली आणि दर फेरीत कथा थोडी पुढे सरकली. कल्पित जगाचे नियम लेखकच घालून देतो. त्यातला एक जरी पहिल्या प्रकरणात चुकला, तरी पुढची तीनशे पाने त्या चुकीवर उभी राहतात.

निशाचर
उदाहरण आपण सोयीचे निवडले आहे. ही कादंबरी पूर्ण व्हायला १९४९ उजाडले आणि ती छापून आली १९५४-५५ मध्ये. एवढी वर्षे ऑक्सफर्डच्या प्राध्यापकपदाच्या वेतनावर त्यांचे घर चालले, हे विसरून कसे चालेल? शिवाय आपल्या कल्पित जगाच्या ज्या पुराणकथांवर त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळापासून आयुष्यभर काम केले, त्या १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही अपुऱ्याच होत्या. त्यांचे पुस्तक 'द सिल्मरिलियन' १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले, ते मुलगा ख्रिस्तोफर यांनी संपादन केले म्हणून. मागे वळण्याची सवय एकदा जडली की ती सुटत नाही. मी माझ्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणे अकरा वेळा लिहिली आहेत. चौथे अद्याप कागदावर उतरलेले नाही.

वाळूचे_घड्याळ
दुरुस्ती केव्हा करावी यावर आपण दोघे वाद घालत आहात. ती कोणत्या प्रकारची आहे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मे १९४४ मध्ये टॉल्किन यांच्या लक्षात आले की कथेतला चंद्र अशक्य गोष्टी करतो आहे, एका प्रदेशात उगवत असतानाच दुसरीकडे मावळतो आहे. मागच्या प्रकरणांतले तुकडे बदलण्यात त्यांची एक दुपार गेली. असली कामे शेवटी एकदम उरकता येतात.

'द हॉबिट' या त्यांच्या आधीच्या कादंबरीची गोष्ट मात्र निराळी. १९३७ च्या आवृत्तीत गॉलम हा गुहेत राहणारा प्राणी नायक बिल्बोला कोड्यांच्या पैजेत जादूची अंगठी बक्षीस म्हणून देऊ करतो, आणि ती सापडत नाही म्हणून चक्क माफीही मागतो. नव्या कादंबरीत तीच अंगठी धारकाला गिळून टाकणारी ठरली, तेव्हा ते प्रकरण खोटे पडले. टॉल्किन यांनी ते नव्याने लिहिले, १९५१ च्या आवृत्तीत ते छापले गेले, आणि जुना पाठ म्हणजे बिल्बोने सोबत्यांना सांगितलेली थाप होती, असे त्यांनी ठरवले. चौदा वर्षांपूर्वीची विसंगती अंगठीच्या प्रभावाचा पुरावा होऊन बसली! (आपल्याकडे पाठभेदांवर वाद घालणाऱ्या पंडितांना हा तोडगा बहुधा पसंत पडला नसता.) ही युक्ती त्यांना सुचली, कारण पुढची कथा तोवर लिहून झाली होती. आरंभीच घासत बसले असते तर थापेची गरजच भासली नसती. उलट १९६० मध्ये त्यांनी तेच पुस्तक नव्या कादंबरीच्या गंभीर शैलीत पुन्हा लिहायला घेतले आणि काही प्रकरणांनंतर सोडून दिले.

शाईदौत
थापेचे उदाहरण मला मान्य आहे. परंतु निशाचर, अपुरेपणाचे खापर आपण पुनर्लेखनावर फोडता, ते पटत नाही. पुराणकथांचे हस्तलिखित प्रकाशकाने १९३७ मध्येच परत केले होते, आणि हॉबिटांची आणखी कथा त्याला हवी होती. शिवाय 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ला श्रोते होते: लेखक सी. एस. लुईस आणि त्यांची मित्रमंडळी प्रकरणे ऐकत, आणि युद्धकाळात दक्षिण आफ्रिकेत असलेल्या ख्रिस्तोफरला ती टपालाने जात. दोन्हीकडे लेखक तोच आणि मागे वळण्याची खोडही तीच, तरी एक ग्रंथ पूर्ण झाला.

निशाचर
श्रोत्याचा मुद्दा मला खोडता येत नाही. तरीही आपण सांगता त्या श्रोत्यांना पुढचे प्रकरण मिळत होते. माझी भाची वर्षभर चौथे प्रकरण मागते आहे, आणि मी तिला दर वेळी पहिल्याचीच सुधारलेली प्रत वाचायला देतो. गेल्या खेपेला तिने ती उघडलीसुद्धा नाही.