‘मक्तेदारी’ आणि ‘एकाधिकार’

प्रश्न : हे दोन शब्द समानार्थी मानावेत का? महाराष्ट्रातील कापूस योजनेला ‘एकाधिकार खरेदी’ म्हणत. ‘मक्तेदारी खरेदी’ असा प्रयोग मात्र वाचनात आला नाही.

उत्तर : आशय जवळपास एकच असला तरी वापर सारखा नाही. खासगी व्यापाऱ्याने बाजार मुठीत घेतला की आपण त्याला मक्तेदारी म्हणतो आणि नापसंती त्यात गृहीतच असते. तेच शासनाने कायदा करून केले की ‘एकाधिकार’ हा भारदस्त शब्द पुढे येतो. 1971 च्या कायद्यानुसार पुढच्या वर्षापासून राज्यातील शेतकऱ्याने कापूस शासनाच्या यंत्रणेलाच विकावा, असे बंधन आले. व्यापाऱ्यांच्या लुटीतून त्याची सुटका करण्याचा हेतू खोटा नव्हता. परंतु गिऱ्हाईक एकच उरल्यावर प्रतवारी तेच ठरवणार, चुकारा, म्हणजे मालाचे पैसेही, त्याच्या सवडीने हप्त्याहप्त्याने मिळणार, आणि शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी स्वतःच्याच शेतातला कापूस सीमेपलीकडे नेणे ही ‘तस्करी’ ठरणार. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी शेतकऱ्यासाठी बाजारपेठेचे स्वातंत्र्य मागितले, ते या अनुभवाकडे पाहता समजण्याजोगे आहे.

गंमत अशी की ‘मक्ता’ हा मूळचा अरबी शब्द, आणि मराठीत तो सरकारने दिलेल्या वसुलीच्या ठेक्यालाही लावला जाई. (विदर्भात शेत मक्त्याने देतात, तो अर्थ अर्थातच वेगळा.) म्हणजे असा मक्तेदार बाजाराने नव्हे, राज्यसत्तेने घडवलेला असे. 1951 च्या उद्योग कायद्याखाली नवा कारखाना काढण्यास किंवा उत्पादनक्षमता लक्षणीय वाढवण्यास परवाना लागू लागला, तेव्हा ज्यांच्या हाती परवाने होते त्यांना नव्या स्पर्धकापासून आयतेच संरक्षण मिळाले. 1959 मध्ये स्वतंत्र पक्ष स्थापन करणाऱ्या राजगोपालाचारींनी ज्याला परमिट-लायसन्स राज म्हटले, त्याला मराठीत ‘मक्तेशाही’ म्हटले असते तर मूळ अर्थाला धरून झाले असते, असे माझे मत आहे.

पुरवणी (एका वाचकाकडून) : आपल्या उत्तराशी सहमत आहे, मात्र ‘खुला बाजार’ या शब्दाकडेही पाहावे. लेव्हीच्या काळात, म्हणजे कारखान्यांकडून साखरेचा ठरावीक वाटा सरकार नियंत्रित भावाने घेई तेव्हा, ‘खुल्या बाजारातली साखर’ म्हणजे रेशनवर न मिळणारी, महाग साखर, एवढाच अर्थ घरोघरी रुजला होता. नियंत्रणामुळे निर्माण झालेल्या दुहेरी भावाचा दोष अशा रीतीने खुलेपणाच्या माथी बसला. म्हणून खरेदी-विक्रीचे स्वातंत्र्य अभिप्रेत असेल तेथे मी ‘मुक्त बाजार’ असे लिहितो.