तिसरीतल्या पोरीसाठी पाळीव प्राण्याचा गेम, बजेट ३००, कुठला बरा?

शहापूरवाली: नमस्कार. मुलीच्या वर्गात निम्म्या पोरी रोब्लॉक्स नावाच्या ऑनलाइन गेमच्या अ‍ॅपमधला अ‍ॅडॉप्ट मी खेळतात म्हणे. अंडं घ्यायचं, त्यातनं कुत्रं निघंल नाहीतर ड्रॅगन, मग त्याला खाऊ घाला, आंघोळ घाला, झोपवा. घरी आली की तेच पुराण. फोन माझा, त्यात यूपीआय, म्हणून जीव घाबरतोय. एकदाच ३०० पर्यंत घालवीन, महिन्याच्या महिन्याला नाही. हातात धरायचं खेळणं असलं तरी चालंल. खरं कुत्रं घ्या म्हणू नका, भाड्याचं घर आहे.

टिळकवाडी_काका: डोळे झाकून ओरिजिनल तामागोची मागवा, मुठीत मावणारं, बारक्या स्क्रीनवर प्राणी पाळायचं खेळणं. १९९६ ला जपानात बांदाईनं काढलं, अजून चालूय, यातच काय ते समजा. तीन बटणं, चॅट नाही, पैसे मागत नाही. आमच्या नातवाला जावयांनी सिंगापूरहून रंगीत स्क्रीनवालं आणलंय. थोडे हजार जातील पण माल पक्का.

शहापूरवाली: काका, ३०० म्हटलंय ओ मी.

निपाणीकर७७: हजार कशाला घालवूलाय, तसलंच डुप्लिकेट बेळगावात खडेबाजारात दीड-दोनशेला मिळतंय की. पोराला घेऊन दिलं, मस्त खेळूलाय. सेल लवकर उतरतोय एवढंच. कोल्हापूरला गेलात तर महाद्वार रोडला घासाघीस करून अजून स्वस्त पडंल.

टिळकवाडी_काका: महाद्वार रोडला स्वस्त? कधी गेला होता शेवटचा?

खानापूर_लोकल: किमतीचं सोडा, सेलच्या झाकणाला स्क्रू हाय का ते बघा आधी. स्वस्तातल्या खेळण्याचं झाकण नखानं निघतंय आणि आतला बटणसेल बारक्या पोरानं गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत आतनं भाजतंय. केळं चारून वाट बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. घरात आणखी लहान बाळ असंल तर हे खेळणं आणूच नका.

निपाणीकर७७: आमच्या वेळंला पोरं गोट्या गिळायची, काय झालं नाही कुणाला.

खानापूर_लोकल: गोटीत करंट नसतोय.

वडगावची_आई: माय टॉकिंग टॉम, मोबाइलवर मांजर पाळायचा गेम, टाका आणि मोकळ्या व्हा, फुकट आहे. विमान मोड लावून दिला की जाहिराती बंद, नेट नाही म्हणजे खरेदी पण नाही. माझी दोन्ही पोरं तेच खेळून मोठी झाली, एकजण आता इंजिनियरिंगला आहे.

हिंडलग्याचे_सर: टॉम वेगळा, अ‍ॅडॉप्ट मी वेगळा, ताई. तिथं माया कमी आणि गोळा करायचं वेड जास्त. एकाच जातीचे ४ प्राणी पूर्ण वाढवले की १ निऑन, म्हणजे चमकणारा, होतो, असे ४ निऑन परत पूर्ण वाढवले की १ मेगा निऑन, म्हणजे एका मेगासाठी तसलेच १६ प्राणी लागतात. अंड्यातनं काय निघणार ते नशिबावर, हवा तो नाही निघाला की अदलाबदल, आणि फसवाफसवी तिथंच. "आधी तू दे, मग मी दुप्पट देतो" म्हणायचं आणि पळून जायचं. शिकवणीला येणारं एक पोरगं यापायी दोन दिवस जेवलं नव्हतं.

टिळकवाडी_काका: म्हणून तर तामागोची सांगतोय.

चिकोडी_पासबुक: यूपीआयला एवढं घाबरू नका, साध्या पेमेंटला पिन लागतोय, पिन पोरीला सांगितला नाही म्हणजे झालं, फक्त यूपीआय लाइट बंद ठेवा, त्यात बारक्या रकमेला पिन लागत नाही. खरी गोची फ्री ट्रायलची. एकदा ऑटोपेला, म्हणजे आपोआप पैसे कापायला, हो म्हटलं की पुढचे हप्ते १५,००० पर्यंत ओटीपी न विचारता कापायची मुभा आहे. आदल्या दिवशी मेसेज येतोय पण वाचतंय कोण. आणि नुसतं अ‍ॅप उडवून ते बंद होत नाही, प्ले स्टोअरमध्ये सबस्क्रिप्शन उघडून कॅन्सल करावं लागतंय. प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सेटिंग तिथंच आहे. रोब्लॉक्सला पैसे घालायचेच झाले तर कार्ड जोडू नका, गिफ्ट कार्ड घ्या, संपलं की संपलं.

पुण्यात_मूळ_अनगोळ: पैसे घालूच नका मी म्हणतो. क्लब पेंग्विन २००५ चा गेम, डिस्नेनं २००७ ला घेतला, २०१७ ला कुलूप. पोरांनी जमवलेलं सगळं गेलं. कंपनीच्या सर्व्हरवरचं ते, आपलं कधीच नसतंय.

वडगावची_आई: फुकटचा टॉम टाका, विमान मोडवर.

निपाणीकर७७: आमच्या पोराच्या टॉमला आता लेव्हल बघा किती आलीय, फोटो टाकू का?

शहापूरवाली: सगळ्यांचे आभार. शेवटी अ‍ॅडॉप्ट मीच लावून दिला. शिव्या घालू नका, मामेबहीण गडहिंग्लजला आहे, दोघींना एकत्र खेळायचं होतं, टॉममध्ये ते होत नाही. ह्यांच्या जुन्या टॅबवर घातलाय, कार्ड नाही, यूपीआय नाही, चॅट बंद, खर्चाला पालकांचं लॉक. अदलाबदल फक्त बहिणीबरोबर, तीही माझ्यासमोर. ३०० वाचले. पोरगी खूश, पण म्हैस निघाली म्हणून फुगून बसलीय.

हिंडलग्याचे_सर: आता अजून १५ म्हशी वाढवा.

टिळकवाडी_काका: सल्ला विचारायचा आणि आपलंच करायचं. असो.

निपाणीकर७७: ताई, आमचं डुप्लिकेट आता पडूनच आहे, पोराला कंटाळा आला. शंभरात देतो. सेल तुम्ही घाला.

खानापूर_लोकल: आधी स्क्रू बसवून दे.