बिबट्याच्या परिसरातील लहान मुलांसाठी चित्रपुस्तके कशी निवडावीत?

प्रश्न : बालवाडी शिक्षिका, जुन्नर तालुका
आमच्याकडे चार ते सहा वर्षांची मुले आहेत. त्यांतील काही ऊसतोड कामगारांची असून हंगामात ती फडाजवळच्या कोपीत राहतात. मिळणाऱ्या चित्रपुस्तकांत वाघ-बिबटे एकतर सदरा-टोपी घालून मुलांशी खेळतात, नाहीतर नुसते दात विचकतात. ज्यांच्या घराजवळ बिबट्या खरोखरच फिरतो, त्या मुलांना पहिले चित्र धोक्याकडे नेईल आणि दुसरे द्वेष शिकवील, अशी मला काळजी वाटते. आपुलकी आणि सावधगिरी या वयात एकत्र कशी रुजवावी?

उत्तर : बालग्रंथालय कार्यकर्ती, नाशिक
ताई, पुस्तक निवडताना प्राण्याच्या चेहऱ्याआधी त्याच्या मागे काय रंगवले आहे ते पाहावे. प्राणी कोठे राहतो, काय खातो, कोठे लपतो हे चित्रात दिसत असेल, तर संवर्धनाची निम्मी गोष्ट तेथेच सांगून होते. आपल्या भागात ऊस वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ उभा राहतो, आडोसा आणि पाणी दोन्ही मिळते, म्हणून बिबट्याची मादी तेथे पिल्ले घालते आणि तोड सुरू झाली की ती उघड्यावर येतात. मग वनविभागाची माणसे संध्याकाळी पिल्ले त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. चार वर्षांच्या मुलाला समजेल अशी याहून चांगली कथा मला सुचत नाही. तयार पुस्तक मिळाले नाही, तर मुलांकडूनच ती चित्रे काढून घ्यावीत.

शिवाय सुरुवात वाघापासूनच करण्याची गरज नाही. वाघाटी ही छोटी रानमांजर जेमतेम दीड किलोपर्यंत भरते, म्हणजे घरच्या मांजरीपेक्षाही लहान; ती उंदीर खाते आणि तिचीही पिल्ले उसात सापडतात. मुलांना तिचे आकारमान लगेच कळते.

उत्तर : बालपुस्तकांचा चित्रकार
कपडे घातलेला वाघ सरसकट बाद करावा, हे मला पटत नाही. ती कल्पनाकथा आहे हे मुले ओळखतात. मला अधिक खटकते ती खऱ्या माहितीच्या नावाखाली छापलेली चूक. बिबट्याच्या अंगावर पाकळ्यांसारखी वलये असतात, तर चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ असते. तरीही अनेक पुस्तकांत दोघांचे चित्र एकच असते. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे 1952 मध्ये जाहीर झाले आणि 2022 मध्ये नामिबियातून काही चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले गेले, हा विषय मात्र सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवावा.

उत्तर : निवृत्त वनरक्षक
मुलांसोबत पुस्तक तयार कराल, तर एका पानावर कृती अवश्य दाखवावी : पिल्लू दिसले तर हात न लावता मागे फिरायचे, मोठ्यांना सांगायचे आणि मोठ्यांनी वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करायचा. अंधार पडू लागल्यावर उसाच्या कडेला एकट्याने बसायचे नाही, कारण खाली बसलेले मूल बिबट्याला लहान सावजासारखे दिसते. हे चित्र भीतिदायक न करता, पण स्पष्ट काढावे. वाघोबाची, म्हणजे वाघदेवाची, गोष्ट आजी-आजोबांना वर्गात बोलावून सांगायला लावावी. शेजारच्या अकोले तालुक्यात आदिवासी आजही वाघबारस हा वाघदेवाच्या पूजेचा सण साजरा करतात, आणि भय व आदर एकत्र कसे नांदतात हे त्या वडीलधाऱ्यांना चांगले सांगता येते.