कौलारू घराचे छप्पर दुरुस्त करावे की बदलावे, आणि ठेकेदाराशी नेमके काय ठरवावे?

प्रश्न – कुडाळकर, सध्या ठाणे

नमस्कार. कुडाळ तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत, छप्पर मंगलोरी कौलांचे आहे आणि मुख्य घराला लागून मागे स्वयंपाकघराची उतरण, म्हणजे एकाच बाजूला उतरते छप्पर, आहे. गेल्या पावसाळ्यात माजघरात दोन ठिकाणी आणि मुख्य छप्पर व उतरण जिथे मिळतात त्या सांध्यावर सतत गळती होत होती. घरी आई-वडील दोघेच राहतात. वडिलांना आता वर चढून कौले चाळणे जमत नाही, शाकारणीला (पावसाळ्यापूर्वी कौले नीट लावून घेण्याला) माणसे मिळणे दरवर्षी अवघड होत आहे आणि वानरांमुळे कौले फुटतात ती वेगळीच.

दिवाळीनंतर तीन जणांना घर दाखवले. पहिल्या ठेकेदाराने खालूनच पाहून सांगितले, की लाकूड पूर्ण काढून लोखंडी सांगाडा करावा आणि वर रंगीत पत्रे टाकावेत. तो निम्मी रक्कम आधी मागतो, आणि जुने लाकूड आपण नेणार असल्याने दर कमी लावला आहे, असे म्हणतो. दुसरा लोखंडी सांगाड्यावर हीच कौले पुन्हा बसवायला तयार आहे. तिसरे गावातलेच सुतार आहेत. त्यांच्या मते आढे (छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड) आणि तुळया (भार पेलणारी जाड आडवी लाकडे) उत्तम आहेत, काही वासे (आढ्यापासून खाली उतरणारी लाकडे) आणि सगळ्या रिपा (वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, ज्यांवर कौले बसतात) बदलल्या की काम होईल. मात्र ते रोजंदारीवर काम करतात आणि लेखी अंदाज देत नाहीत.

तिघांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, कारण तिघे तीन वेगळी कामे सांगत आहेत. निर्णय कशाच्या आधारावर घ्यावा आणि ठरल्यावर लेखी काय घ्यावे, याबद्दल अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ – स्थापत्य अभियंता, चिपळूण

आपल्या वर्णनावरून एक गोष्ट आधी सांगतो. दोन छपरांच्या सांध्यावर होणारी गळती बहुतेक वेळा कौलांची नसून तिथल्या पन्हळीची, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नाळीची, असते. पत्र्याची पन्हळ गंजून तिला भोके पडतात किंवा तिच्यात पालापाचोळा साचून पाणी कडेवरून आत उलटते. माजघरातील गळती कौल सरकल्यामुळे, फुटल्यामुळे किंवा आढ्यावरच्या कोन्यांचा (माथा झाकणाऱ्या कौलांचा) माल तडकल्यामुळे असू शकते. ही दोन्ही कारणे खरी ठरली, तर संपूर्ण छप्पर बदलण्याचे कारणच उरत नाही. म्हणून जो ठेकेदार वर न चढता दर सांगतो, त्याचा दर कितीही आकर्षक असला तरी तो विचारात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लाकडाची तपासणी अशी करून घ्यावी. वासे सर्वांत आधी दोन ठिकाणी खराब होतात: वळचणीकडच्या टोकाला, जिथे पावसाचे झोत लागतात, आणि भिंतीवर टेकतात तिथे, जिथे ओल अडकून राहते. या दोन्ही ठिकाणची कौले काढून पटाशीचे टोक लाकडात दाबून पाहावे. टोक सहज आत गेले किंवा हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तो वासा बदलायचा. भिंतीवरून वर गेलेल्या वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या, तर आधी वाळवीचा बंदोबस्त करावा, कारण त्याशिवाय घातलेले नवे लाकूडही तिच्याच तोंडी जाते. प्रत्येक खराब वाशावर खडूने खूण करून त्यांची संख्या लिहून घ्यावी. ती यादी हातात आल्यावर तिन्ही ठेकेदारांकडून त्याच यादीवर दर मागता येतील आणि मग आकडे खरोखर ताडून पाहता येतील.

दुसरा मुद्दा मोजमापाचा. छपराचे क्षेत्रफळ जमिनीवरून धरायचे नसते, उतारावरून धरायचे असते, आणि त्यात वळचणीचा बाहेर आलेला भागही येतो. उदाहरणार्थ ३० बाय ३० फुटांचे घर जमिनीवर ९०० चौरस फूट भरते, पण चारही बाजूंनी दोन फूट वळचण आणि ३० अंशांचा उतार धरला तर छप्पर सुमारे १,३३५ चौरस फूट, म्हणजे तेरा ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट) थोडे वर जाते. तळमजल्याच्या चौरस फुटावर दर सांगणारा हिशेब पुढे वाढतो तो बहुधा याच फरकातून. मंगलोरी कौले एका ब्रासला साधारण १४० ते १५० लागतात, त्यामुळे फुटीसाठी किती जादा कौले धरली आहेत, हेही त्यावरून तपासता येते.

पत्र्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. कौलांचे वजन एका चौरस मीटरला, कोरडी असताना, ३५ ते ४० किलो असते, तर अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे पाच किलोच्या आसपास असते. जुने छप्पर वाऱ्यात टिकते ते मुख्यतः स्वतःच्या वजनामुळे. ते वजन काढून हलका पत्रा टाकला, की वारा छप्पर वर उचलू लागतो, आणि मग सांगाडा भिंतीला किती घट्ट बांधला आहे यावरच सर्व काही अवलंबून राहते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत असंख्य घरांचे पत्रे उडाले. चिऱ्याच्या भिंतीवर नुसता टेकवलेला सांगाडा चालणार नाही. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतून त्यात बसवलेल्या बोल्टांना तो जखडला पाहिजे. पहिल्या ठेकेदाराच्या अंदाजात या पट्ट्याचा खर्च धरला आहे का, हे अवश्य विचारावे. त्याचप्रमाणे ‘अर्धा मिलिमीटर पत्रा’ म्हणजे रंग आणि झिंकचा थर धरून अर्धा मिलिमीटर की मूळ पोलादाची जाडी तेवढी, हे लिहून घ्यावे. खाऱ्या हवेत हा फरक काही वर्षांतच दिसतो.

उत्तर २ – सुतारकाम, राजापूर

वरील उत्तर योग्य आहे. आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम चालते, म्हणून कौले आणि लाकूड याबद्दल काही भर घालतो.

लोखंडी सांगाड्यावर जुनी कौले बसवण्याचा पर्याय वाईट नाही, पण त्यात रिपांचे अंतर हाच सगळा कस असतो. ते सर्वत्र सारखे एक फूट असे धरून चालत नाही. आपल्याच कौलांपैकी काही जमिनीवर जोडून, वरच्या कौलाचा ओठ खालच्याच्या खाचेत नीट बसवून, ते अंतर मोजून काढावे लागते. वेल्डिंग करणारे ठेकेदार अनेकदा आधी सांगाडा पूर्ण करतात आणि मग कौले आणतात. अंतर अर्ध्या इंचाने जास्त झाले की कौलाची पकड सुटते आणि वाऱ्याबरोबर येणारे पाणी आत शिरते. लोखंडाला तो दोष दुरुस्त करता येत नाही. लाकडी रीप मात्र खिळे काढून सरकवता येते. म्हणून सांगाडा लोखंडी केला तरी वरच्या रिपा लाकडाच्या ठेवाव्यात, असा माझा सल्ला राहील.

जुन्या आणि नव्या कौलांची मिसळ करू नये. मंगळूरला बाझेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून अनेक कारखाने झाले, आणि प्रत्येकाच्या साच्यात थोडाफार फरक आहे. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो, तो पाहून एका शिक्क्याची कौले एका बाजूला रचावीत. चांगली निघालेली जुनी कौले रस्त्याकडच्या किंवा पावसाच्या तोंडाकडच्या एकाच पाख्यावर (छपराच्या उतरत्या बाजूवर) बसवून दुसऱ्या पाख्यावर सगळी नवी घालावीत. नवे कौल घेताना दोन कौले एकमेकांवर वाजवून पाहावीत. नीट भाजलेल्या कौलाचा आवाज खणखणीत येतो, आणि ज्याचा बद्द येतो ते पाणी पिते.

आता जुन्या लाकडाबद्दल. ठेकेदार जुने लाकूड नेण्याच्या बोलीवर दर कमी करत असेल, तर त्या लाकडात काय आहे हे आपण आधी ओळखले पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या घरांत साग, किंजळ, ऐन आणि फणस सर्रास वापरलेला असतो. वाशाचे टोक कुजले म्हणून पूर्ण वासा बाद होत नाही. टोक कापून तो आखूड पाख्यावर, म्हणजे आपल्या मागच्या उतरणीवर, पुन्हा वापरता येतो. जुने वाळलेले लाकूड नव्या ओल्या लाकडापेक्षा कितीतरी भरवशाचे असते, आणि ते ‘भंगार’ म्हणून नावावर टाकले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते. लाकूड घरमालकाचेच राहील, असे लिहून घ्या. द्यायचेच असेल तर त्याची किंमत वेगळी ठरवून बिलातून वजा करून घ्या.

परसातले फणसाचे झाड तोडून वासे काढू, असे कोणी सुचवले तर घाईने होकार देऊ नये. फणस, आंबा, साग, किंजळ, ऐन ही झाडे राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोडीसंबंधीच्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे ती स्वतःच्या जागेतली असली तरी परवानगी घ्यावी लागते. शिवाय आज तोडलेले लाकूड याच उन्हाळ्यात वर चढवले, तर ते सुकताना पिळवटते आणि त्याबरोबर कौलांची ओळ फाकते.

काम माघ-फाल्गुनात सुरू करावे. वैशाखात प्रत्येक गावात हेच काम निघते, माणसे चार घरी वाटली जातात, आणि मे महिन्यात वळवाचा पाऊस आला तर उघडे माजघर भिजते.

उत्तर ३ – ग्राहक चळवळीतील कार्यकर्ती, रत्नागिरी

तांत्रिक बाजू वर उत्तम मांडली गेली आहे. मी करार आणि पैसे यांपुरते लिहिते.

निम्मी रक्कम आधी देऊ नये. सामान प्रत्यक्ष आवारात येऊन पडल्यावर त्याच्या पावतीनुसार पहिला हप्ता द्यावा, सांगाडा किंवा वासे-रिपा पूर्ण झाल्यावर दुसरा, कौले बसून कोने भरल्यावर तिसरा, आणि साधारण दहा टक्के रक्कम जुलैअखेरपर्यंत राखून ठेवावी. छपराची खरी परीक्षा मृगाच्या आणि आर्द्राच्या पावसात होते, तेव्हा ठेकेदाराला परत बोलावण्यासाठी काहीतरी शिल्लक राहिले पाहिजे. प्रामाणिक ठेकेदारांचा याला विरोध नसतो, असा माझा अनुभव आहे. त्यांनाही सामानासाठी पैसे लागतात हे मात्र आपण समजून घ्यावे, आणि शक्य असेल तर कौले, लोखंड व पन्हळी स्वतःच दुकानातून घेऊन मजुरीचा ठेका वेगळा द्यावा.

रोजंदारीवरच्या सुतारांना मी अजिबात कमी लेखत नाही. आपल्याकडची सर्वांत चांगली कामे त्यांचीच आहेत. पण कायद्याच्या दृष्टीने फरक पडतो. ठरावीक काम ठरावीक रकमेत करून देणारा ठेकेदार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा देणारा ठरतो, तर आपल्या देखरेखीखाली रोजावर काम करणारा माणूस त्या व्याख्येत बसवणे कठीण जाते, कारण व्यक्तिगत सेवेचा करार कायद्यातून वगळलेला आहे. म्हणून गावच्या सुतारांनाच काम द्यायचे असेल, तर खडूच्या यादीप्रमाणे अमुक वासे, अमुक ब्रास रिपा आणि कौले, अशी ठोक रक्कम ठरवून दोघांच्या सह्यांचा साधा कागद करावा.

तक्रारीची वेळ आलीच, तर नव्या कायद्यात ग्राहकाला स्वतःच्या राहण्याच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे आपल्याला ठाण्यातूनही तक्रार करता येईल. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र यासाठी पैसे बँकेतून दिलेले असावेत आणि पावत्या जपून ठेवलेल्या असाव्यात.

कुडाळकर, सध्या ठाणे

तिघांचेही मनापासून आभार. आढे आणि तुळया चांगल्या असतील तर सुतारांनाच ठोक रकमेत काम द्यावे, असे आता वाटू लागले आहे. दोन शंका उरल्या आहेत. ग्रामपंचायतीच्या घरपट्टी उताऱ्यावर वडिलांबरोबर चुलत्यांचेही नाव आहे. तसेच काम चालू असताना मला तिथे सलग राहता येणार नाही. नेमक्या कोणत्या दिवशी हजर राहणे आवश्यक आहे?

उत्तर – स्थापत्य अभियंता, चिपळूण

चुलत्यांची लेखी संमती कामापूर्वी घ्यावी, त्यात खर्चाची वाटणी आणि जुन्या लाकडावरचा हक्क दोन्ही नमूद करावे. आहे तसेच छप्पर नव्याने करण्यात सहसा अडचण येत नाही, पण भिंती उंच करणार असाल किंवा छपराचा आकार बदलणार असाल, तर आधी ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे.

हजेरीसाठी, कौले उतरवतील तो दिवस चुकवू नये. छप्पर उघडे पडल्यावरच लाकडाची खरी अवस्था दिसते, यादीतले आकडे तिथेच बदलतात, आणि वाढीव खर्चाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारा माणूस जागेवर असावा लागतो. आई-वडिलांना त्या वेळी पडवीत किंवा शेजारी राहण्याची सोय करावी आणि माजघरातल्या वायरिंगचा वीजप्रवाह मुख्य स्विचवरून बंद ठेवावा. दुसरी हजेरी रिपा मारून झाल्यावर, कौले चढण्यापूर्वी असावी, म्हणजे अंतर मोजता येईल. तिसरी पन्हळ बसल्यावर. पन्हळ जाड पत्र्याची आणि रुंद घ्यावी, दोन्ही बाजूंच्या कौलांखाली किमान सहा इंच आत गेलेली असावी, आणि वरून नळीने पाणी सोडून ते खालच्या तोंडातून विनाअडथळा बाहेर पडते का, हे सुतारांच्या समोरच पाहावे.