केसाळ शेवाळासाठी अर्चिन: टक्सिडो घेऊ की लांब काट्यांचा?

कोथरूडची_टाकी:
नमस्कार मंडळी. तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, साधारण १९० लिटर, खाली सम्प (गाळणीची टाकी), स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) चालू. मासे म्हणजे दोन क्लाउन, एक सिक्सलाइन रॅस; प्रवाळ म्हणजे थोडे झोआ आणि एक लेदर. उन्हाळ्यापासून लाइव्ह रॉकवर (टाकीतल्या जिवंत दगडांवर) हिरव्या जटा वाढल्यात. ब्रशने काढते, पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. टर्बो गोगलगायी टाकल्या होत्या, त्या उलट्या पडून एकेक करून गेल्या. नायट्रेट २०, फॉस्फेट ०.२५. पाणी घरच्या आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ६०च्या आसपास.

दुकानदार म्हणतो अर्चिन (शेवाळ खाणारा काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव) टाका, प्रश्न मिटला. त्याच्याकडे दोन आहेत, एक निळसर पट्ट्यांचा टक्सिडो आणि एक काळा, लांबलचक काट्यांचा. शिवाय मावसभाऊ मालवणला असतो. तो म्हणतो ओहोटीला खडकात लागतील तेवढे मिळतात, बर्फाच्या डब्यातून पाठवतो. फुकटात मिळतंय म्हणून हात शिवशिवतायत. काय करू?

खारंपाणी_डोंबिवली:
ताई, आधी मालवणचं. भावाला सांगा, बर्फाच्या डब्यातून सुरमई पाठव. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून असं काही उचलून आणता येत नाही. हद्दीबाहेरचा मिळाला तरी आपल्या खडकाळ किनाऱ्यावर खळगे पाडून त्यात बसणारे अर्चिन असतात. तसला घरी आला तर शेवाळाबरोबर तुमचा महागाचा रॉकही कोरत बसेल.

दुकानातल्या दोघांत टक्सिडोच घ्या. काळा तो डायडिमा. दिसायला राजबिंडा, वर मधोमध नारिंगी कडं असतं ते बघून सगळे म्हणतात, अय्या, डोळा! ती त्याची शी करायची जागा आहे. शेवाळ तो टक्सिडोपेक्षा झपाट्याने उडवतो हे खरं, पण काट्यांसकट ऐसपैस जागा लागते आणि रात्री फिरायला निघाला की तीन फुटी टाकीत सुटे फ्रॅग (प्रवाळाचे छोटे तुकडे) जागेवर राहत नाहीत. काटे विषारी, वर ठिसूळ, कातडीत तुटून राहतात. टाकीत हात घालणाऱ्या तुम्हीच ना? मग विचारायलाच नको.

टक्सिडो मोठा झाला तरी सहा-सात सेंटिमीटर. काचेवर चढला की खालच्या बाजूने बघा. मधे तोंड, त्यात पाच दात, सगळे एकदम उघडतात आणि एकदम मिटतात, मागे काचेवरच्या हिरव्या थरात बारीक चांदणीसारखे ओरखडे. मी स्वयंपाक सोडून बघत बसते. खोड एकच, डोक्यावर सामान वाहायचं. शिंपला, रिकामा शंख, सुटा फ्रॅग, काही चालतं. माझ्याकडच्याने थर्मामीटर पळवला होता, दोन दिवस डोक्यावर घेऊन फिरत होता. तेव्हा सगळे झोआ आधी सुपरग्लू जेलने पक्के करा. आणि कोरलाइनचा (दगडावर चढणाऱ्या कडक शेवाळाचा) गुलाबी रंग जिवापाड जपत असाल तर टक्सिडोही नको, तो कोरलाइन खरवडतो आणि पांढरे पट्टे सोडतो. मला चालतं, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी नीट असली की ती परत चढते.

आता खरं दुखणं. अर्चिन शेवाळ खातो आणि गोळ्या गोळ्या करून तिथेच टाकतो. फॉस्फेट दगडावरून निघून पाण्यात आलं, घराबाहेर कुठे गेलं? इतकं शेवाळ शोषून घेत असतानाही तुमचं रीडिंग ०.२५ येतंय, म्हणजे आत येणारा माल भरपूर आहे. आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारा गाळणीचा टप्पा) लावा, टीडीएस शून्य हवा. पिण्याचा आरओ हा पिण्यासाठी असतो. फ्रोझन खाणं वितळलेल्या पाण्यासकट ओतत असाल तर ते पाणी गाळून फेका. आणि जटा आधी हाताने उपटून सायफनने बाहेर काढा, ब्रशने घासून टाकीतच उडवून दिल्या तर तुकडे दुसरीकडे रुजतात. अर्चिनने खायचा तो खाली उरलेला खुंट.

टँपाचा_बाळू:
डोंबिवलीच्या ताईंचं बरोबर आहे, पण शेवाळ चरणाऱ्याला इतकं दुय्यम ठरवू नका. मी फ्लोरिडात असतो. १९८३ साली पनामाजवळ लांब काट्यांचे डायडिमा पटापट मरायला लागले आणि वर्षभरात अख्ख्या कॅरिबियनमधले नव्वद टक्क्यांहून जास्त गेले. जमैकाच्या रीफवर (प्रवाळ खडकांवर) शेवाळाने ४ टक्के जागा व्यापली होती, ती पुढे ९२ टक्क्यांवर गेली. शेवाळ खाणारे मासे तिथे आधीच मारून संपवले होते, उरलेला अर्चिनही गेला, मग कोण खाणार? आजही इथलं फ्लोरिडा अक्वेरियम आणि विद्यापीठ मिळून डायडिमाची पिल्लं वाढवतात, रीफवर सोडायला.

आणखी एक. २०२२ मधे इकडे पुन्हा साथ आली, या वेळी कारण सापडलं, सिलिएट नावाचा एक सूक्ष्म एकपेशी जीव. नंतर तांबड्या समुद्रातले डायडिमाही गेले. म्हणून दुकानातल्या टाकीत एक जरी अर्चिन काटे गाळत असेल तर त्या टाकीतलं काहीच घेऊ नका.

खारंपाणी_डोंबिवली:
बाळूदादा, जमैकाचं मान्य. पण समुद्रात खाल्लेलं वाहून जायला अख्खा समुद्र आहे. कोथरूडच्या हॉलमधे १९० लिटर आहेत आणि त्यातून बाहेर जायचे रस्ते तीन: स्किमरचा कप, पाणी बदलणं आणि आपला हात. अर्चिन हवाच, मी कुठे नको म्हणते? फक्त कप रोज रिकामा करायला तो येणार नाही.

कुर्ला_रविवार:
खरेदीबद्दल थोडं. काचेला चिकटलेला अर्चिन हलकेच ओढून बघायला सांगा, सहज सुटला तर सोडून द्या. काट्याला हात लावला की आजूबाजूचे काटे तिकडे वळले पाहिजेत. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारटपणा मोजायचं यंत्र) बरोबर न्या, कारण बरेच दुकानदार माशांच्या टाक्या १.०२० च्या आसपास ठेवतात आणि तुमची १.०२५ असणार. मासा हा फरक सोसतो, अर्चिनला अंगातल्या मिठाचा तोल सांभाळता येत नाही. ड्रिप लावून (टाकीचं पाणी थेंबथेंब त्याच्या पाण्यात सोडून) तासभर तरी द्या, फरक जास्त असेल तर आणखी. पिशवीतून टाकीत नेताना पाण्याबाहेर काढू नका, कवचात हवा अडकते. टाकीत आधी कधी कॉपरचं औषध घातलं असेल तर अर्चिनचा विचारच सोडा. बाकी १९० लिटरला एकच. दोन टाकलेत तर एक उपाशी मरेल, आणि मेलेला अर्चिन पाणी किती घाण करतो ते विचारू नका.

कोथरूडची_टाकी:
सगळ्यांचे आभार, भावाला सुरमई सांगितली आहे :) डीआय बसवलं, टीडीएस शून्य दाखवतंय. रॉक बाहेर काढून जटा उपटल्या, अर्धी बादली निघाल्या. पण फॉस्फेट ०.२५ वरून ०.१८, खाली सरकेना. दुसरं, मागच्या एका दगडावरचं शेवाळ वेगळं दिसतंय, केसासारखं नाही, बारीक पिसासारखं. आणि शेवाळ संपल्यावर अर्चिनला काय घालायचं? घरात मुलीच्या खाऊची नोरी आहे, मीठमसाला लावलेली.

खारंपाणी_डोंबिवली:
०.१८ म्हणजे उतरतंय की! दगडात मुरलेलं फॉस्फेट हळूहळू सुटत राहतं, त्याला वेळ लागणारच. घाईने जीएफओ (फॉस्फेट शोषणारे दाणे) भरभरून घालू नका, एकदम खाली आलं तर लेदर रुसेल.

पिसासारखं असेल तर ते बहुधा ब्रायॉप्सिस जातीचं शेवाळ. त्याला टक्सिडो तोंड लावेल याच्या भरवशावर राहू नका. तो दगड उचलता येत असेल तर आजच वेगळ्या बादलीत काढा, बाकीच्या टाकीत पसरायच्या आत. जवळून फोटो टाका, मग औषधाचं बोलू.

मसाल्याची नोरी मुलीलाच द्या. अर्चिनला साधी, सुशीची, तेलमीठ न लावलेली. काडेपेटीएवढा तुकडा रबरबँडने छोट्या दगडाला बांधायचा आणि रात्री त्याच्या वाटेत ठेवायचा, वेव्हमेकरपासून (पाणी हलवणाऱ्या पंपापासून) लांब. सकाळी उरलेली काढून टाका, नाहीतर परत फॉस्फेट. आणि वेव्हमेकरला जाळी आहे ना? नसेल तर अर्चिन घरी आणायच्या आधी लावा.