पॉम्पेईच्या भिंती: चुना की मेण?

कुंचला: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराची सगळी भिंतचित्रं एन्कॉस्टिक, म्हणजे मेणात रंगवलेली. वाचून डोकंच फिरलं. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हिअस त्याच्या वास्तुकलेवरच्या ग्रंथाच्या सातव्या खंडात स्पष्ट सांगतो की ओल्या चुन्यावर लावलेला रंग सुटत नाही. मेण येतं ते मिनिअमसाठी, म्हणजे हिंगुळासाठी, कारण तो उन्हात काळवंडतो. फाबेरिअस या कारकुनाने रोममधल्या ॲव्हेंटाइन टेकडीवरच्या घराला हिंगूळ लावला आणि 30 दिवसांत भिंतींवर डाग पडले! म्हणून भिंत वाळल्यावर तेल घातलेलं प्युनिक मेण, म्हणजे शुद्ध केलेलं मधमाशांचं मेण, लावायचं, निखारे जवळ नेऊन भिंतीला घाम फोडायचा, मग मेणबत्ती आणि स्वच्छ फडक्याने घासायचं. हे राखण झालं. रंगकाम नव्हे.

रोमकर: ते वाक्य माझंच. भिंतींच्या नमुन्यांत मेण सापडलंय, ते काय आभाळातून पडलं?

कुंचला: अठराव्या शतकात खणून काढलेल्या चित्रांना मोरिकोनीने व्हर्निश फासलं, पुढच्यांनी मेण. तुमचं मेण कुठल्या काळातलं, ते आधी दाखवा.

अजिंठाकर: व्हर्निशचं नाव काढू नका! निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी 1920 नंतर अजिंठ्यात तेच केलं. वडिलांबरोबर 17 नंबरच्या लेण्यात गेले होते. टॉर्च पडला की रंगाआधी ती पिवळट चकाकीच डोळ्यांत जायची. वर गाइड म्हणे, "फ्रेस्को." फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावरचं रंगकाम. अहो, तो मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस, आणि रंग कोरड्यावर!

रोमकर: सुटलेला गिलावाही त्याच इटालियनांनी धरून ठेवला. नाहीतर आज तुम्ही काय पाहिलं असतं?

अजिंठाकर: गिलावा धरायला व्हर्निश कशाला लागतं? उगाच उपकार सांगू नका.

काजळी: अजिंठा पुरे. कुंचला, तुम्ही अर्धाच व्हिट्रुव्हिअस वाचता. ॲट्रामेंटमसाठी, म्हणजे काळ्या रंगासाठी, राळ जाळून काजळी धरायची. लिहायच्या शाईत गोंद, भिंतीच्या काळ्यात सरस. सरस आला की निव्वळ ओला चुना कुठे उरला?

कुंचला: काळ्यापुरतं मान्य. पण सरस म्हणजे मेण नव्हे.

रोमकर: बरं, "सगळी" हा शब्द मागे घेतो. पण रोमनांना मेणाचं रंगकाम येतच नव्हतं असं कुणी म्हणू नये. रोमन लेखक प्लिनी त्याच्या 'नॅचरल हिस्टरी'च्या 35व्या खंडात ते स्वतंत्रपणे सांगतो. जहाजांवरचा तो रंग ऊन, खारं पाणी, वारा, कशालाच दाद देत नसे.

कुंचला: नाही कोण म्हणतंय? इजिप्तमधल्या फायूमचे लाकडी फळ्यांवरचे चेहरे बघा, मेणात ओढलेले फटकारे उठून दिसतात. पॉम्पेईच्या भिंतीवर तसा एक तरी दाखवा, मग बोलू.